आप्पांचा खडखड्या

मी कीबोर्ड बोलतोय. जरा मोठ्यानं बोलतोय, तेवढं चालवून घ्या. माझ्या प्रत्येक बटणाखाली एक छोटी स्प्रिंग आहे आणि बटण दाबलं की खट्ट वाजल्याशिवाय तिला राहवत नाही. मला वायर नाही. टॅब असो की मोबाइल, त्याच्याशी मी हवेतूनच सूत जुळवतो. कुठल्याशा लांबच्या कारखान्यात माझा जन्म झाला म्हणतात, पण तिथलं मला काही आठवत नाही. आठवतं ते बेळगावच्या खडेबाजारातल्या दुकानापासूनचं.

पहिल्यांदा मला पिरनवाडीच्या एका तरुणानं नेलं. तो घरी बसून नोकरी करायचा. मोठ्या हौसेनं त्यानं मला टेबलावर मांडलं, आणि त्याच्या तान्ह्या लेकीनं आठवड्याच्या आत माझा निकाल लावला. मी वाजलो की ती उठायची, ती उठली की तिची आई उठायची, आणि मग त्या माउलीच्या तोंडून माझा जो उद्धार व्हायचा तो इथं सांगण्यासारखा नाही. त्यानं मला मुकाट्यानं खोक्यात घालून परत आणून दिलं. दुकानदारानं वरच्या फळीवर ढकललं. तिथं मी धूळ खात पडलो. माणसांच्या बोटांची एकदा चव लागली की असं रिकामं पडून राहणं फार जड जातं.

मग एक दिवस कंग्राळीचे महादेवआप्पा दुकानात आले. सोबत त्यांची सून रचना होती. आप्पांच्या गळ्याभोवती पांढरा रुमाल होता. निपाणीच्या तंबाखूच्या विड्या जन्मभर ओढल्या, शेवटी गळ्याचं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्रच काढावं लागलं. आप्पा वाचले, आवाज गेला. हे सगळं रचनानं दुकानदाराला बाजूला घेऊन सांगितलं, पण फळीवरून मला ऐकू येत होतं.

आप्पांनी उभी हयात कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन काढली होती. मराठी, कन्नड, इंग्रजी, समोरचा मागेल त्या भाषेत अर्ज नि वाटणीपत्रं बडवून द्यायचे. आवाज गेल्यावर मुलानं, नागेंद्रनं, त्यांना टॅब आणून दिला. ह्याच्यावर लिहा, आम्ही वाचू, म्हणाला. पण गुळगुळीत काचेवर त्यांच्या बोटांना थारा मिळेना. एकेक अक्षर शोधत वाक्य पुरं होईपर्यंत जेवणाऱ्यांचं बोलणं उसावरून कुणाच्या तरी लग्नावर गेलेलं असायचं. मागाहून कुणीतरी वाचायचं, ‘व्हय व्हय आप्पा’ म्हणायचं आणि परत ताटाकडे वळायचं.

दुकानदारानं त्यांच्यापुढे पातळ, नाजूक कीबोर्ड मांडले. टॅबच्या कव्हरलाच चिकटणारे, पिशवीत मावणारे, आणि मुख्य म्हणजे अजिबात न वाजणारे. आप्पा एकेकावर बोटं फिरवत आणि मान हलवत. शेवटी त्यांनी वर बोट दाखवलं. माझ्याकडे.

दुकानदार भला माणूस. त्यानं सरळ सांगितलं की हा परत आलेला माल आहे, फार वाजतो. ते ऐकून आप्पांचे डोळे चमकले. त्यांनी खुणेनं रचनाला माझी बटणं बडवायला लावली आणि स्वतः पायऱ्या उतरून रस्त्यावर जाऊन उभे राहिले. रिक्षांच्या गर्दीत कान देऊन उभा असलेला तो म्हातारा मला अजून दिसतो. रचनानं जोर लावला. पलीकडून आप्पांनी हात वर केला, ऐकू आलं म्हणून.

रचना दुकानदाराला म्हणाली, “आप्पास्नी वाजणाराच पायजे हो. माणूस बोलायच्या आधी खाकरतं की न्हाय?”

अशी माझी निवड झाली. ज्या आवाजापायी एका घरातून हाकलला गेलो, त्याच आवाजासाठी दुसऱ्या घरानं मला मांडीवर घेतलं.

घरी रचनानं टॅबमध्ये जुन्या टाइपरायटरच्या मांडणीचं मराठी बसवून दिलं. माझ्या बटणांवर इंग्रजी अक्षरं, पण आप्पा कशाला बघतात? पहिल्या दिवशी जेवताना नागेंद्र कुठल्याशा बांधाच्या भांडणाबद्दल तावातावानं बोलत होता. आप्पांनी माझ्यावर बोटं टेकली, खडखड सुरू झाली, आणि सगळे घास हातात धरून थांबले. “थांब रं, आप्पा बोलायलेत,” नागुबाई म्हणाल्या. नागुबाई म्हणजे आप्पांची बायको. आप्पांचं लिहून झालं, रचनानं वाचून दाखवलं, आणि नागेंद्रनं मान डोलावून घास तोंडात घातला. त्या दिवसापासून घरात माझं नाव खडखड्या पडलं.

एक खोड मात्र आप्पांची जाईना. जुन्या टाइपरायटरला ओळ संपली की डाव्या हातानं दांडा ढकलून गाडी मागं न्यावी लागते. आता तसलं काही नाही, पण हाताला कोण सांगणार? ओळ भरली की डावा हात आपसूक उठायचा आणि समोर उभा असलेला टॅब आडवा करायचा. रचनानं टॅबमागे वाकळेची घडी ठेवायला सुरुवात केली. टॅब पडला की सगळे हसत. आप्पाही हसत, नुसते खांदे हलवून.

सगळं बरं चाललं होतं असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटत होतं. पण मी त्यांच्या बोटांखाली होतो, आणि त्या बोटांना काय हवं होतं ते फक्त मला कळत होतं.

नागुबाईंना वाचता येत नाही. शाळेचं तोंड त्यांनी कधी पाहिलंच नाही. त्यामुळे आप्पा जे लिहीत ते रचनाच्या तोंडून त्यांच्यापर्यंत जायचं. आणि सुनेच्या तोंडून बायकोशी बोलायचं म्हणजे कसं? आप्पा लिहीत, ‘नागेंद्रच्या आईला सांग, गुडघ्याला तेल लाव म्हणावं.’ रचना सांगायची. नागुबाई रचनाकडे बघून म्हणायच्या, लावलंय म्हणावं. दोघं घराच्या पुढच्या एकाच सोप्यात बसलेली आणि निरोप मात्र परगावी चालल्यासारखे.

पूर्वी असं नव्हतं. कोर्टातून आले की आप्पा मागच्या परसात नागुबाईंजवळ बसायचे. त्या शेंगा फोडायच्या, ते दिवसभराच्या हकिगती सांगायचे. चारचौघांत ते बायकोला ‘अगं’ म्हणत; गावात कुठला पुरुष बायकोचं नाव घेतो? पण परसात, दोघंच असताना, ते तिला नागू म्हणायचे. हे मला कुणी सांगितलं नाही. मला ते बोटांवरून कळलं. रोज कधी ना कधी ते ‘नागू’ एवढं लिहायचे, थोडं थांबायचे, आणि रचना जवळ येण्याआधी पुसून टाकायचे. माझं पुसायचं बटण इतर सगळ्या बटणांच्या आधी गुळगुळीत झालं ते त्यामुळे. घरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

टॅबला वाचून दाखवायची सोय होती. रचनानं ती एकदा सुरू करून दाखवली. आवाज बाईचा होता, बातम्या सांगणाऱ्या बाईसारखा स्वच्छ नि कोरडा. आप्पांनी नाक मुरडलं आणि ते बंद करायला लावलं. पण ते कुठून सुरू होतं, हे त्यांनी बघून ठेवलं होतं.

एका दुपारी नागेंद्र आणि रचना कामावर गेलेले असताना आप्पा मला आणि टॅबला घेऊन परसात आले. नागुबाई शेंगा घेऊन बसल्या होत्या. आप्पांनी टॅब कट्ट्यावर उभा केला, मला मांडीवर घेतलं. त्यांनी लिहिलं, आणि टॅबमधली ती बाई बोलली, “नागू.”

नागुबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्या आधी इकडे तिकडे बघू लागल्या. मग त्यांना उमगलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

“माझं नाव त्या बाईच्या तोंडात कशाला घालता?” त्या म्हणाल्या. “ते तुमच्या तोंडातलं हाय.”

आप्पा कावरेबावरे झाले. समजावून सांगायला ते भराभर लिहू लागले. इतकं भरभर मी त्यांना कधी लिहिताना पाहिलं नव्हतं. ओळ भरली, डावा हात उठला आणि टॅबला लागला. मागं आज वाकळ नव्हती. टॅब थेट धुण्याच्या दगडावर गेला आणि काचेचा चुरा झाला.

टॅब दुरुस्तीला गेला. त्याची काच बेळगावात मिळत नव्हती, बाहेरून मागवावी लागणार होती. मला सोप्यातल्या कोनाड्यात ठेवलं. आप्पा पुन्हा गप्प झाले, आणि या वेळी त्यांनी खुणासुद्धा सोडल्या. जेवायला बसत, अर्धं ताट तसंच ठेवून उठत. नागुबाई जाता-येता कोनाड्याकडे बघत. मी असा पडून होतो, वाजायला तयार, आणि मला कुणी हात लावत नव्हतं. पिरनवाडीच्या घरात माझा राग राग व्हायचा तेव्हासुद्धा मला इतकं वाईट वाटलं नव्हतं.

शेवटी नागुबाईंनीच मला खाली काढलं. पदरानं पुसलं, परसात आणलं आणि आप्पांच्या मांडीवर ठेवलं. आप्पांनी हातानं दाखवलं, टॅब नाही, लिहून काय उपयोग?

“नसंना,” त्या म्हणाल्या. “ह्येचा आवाज तुमच्या बोटांतला हाय. त्या बाईपरीस ह्योच बरा. तुम्ही बोला, मला ऐकू येतंय.”

आप्पांनी माझं बटण सरकवलं. माझा निळा दिवा लुकलुकला. मी नेहमीसारखं टॅबला शोधलं, तो कुठंच नव्हता. आप्पांची बोटं माझ्यावर आली आणि त्यांनी लिहिलं, ‘नागू.’ पुसलं नाही. कुठं उमटलंच नव्हतं तर पुसणार काय? परत लिहिलं, ‘नागू.’ परत. कितीतरी वेळ ते तेवढंच लिहीत होते आणि नागुबाई शेंगा फोडत मान हलवत होत्या.

आता दोघं रोज दुपारी बसतात. आप्पा कोर्टातल्या जुन्या हकिगती लिहितात. नागुबाई भलतंच काहीतरी ऐकतात. परवा आप्पांनी येळ्ळूरच्या दोन भावांचं विहिरीवरचं भांडण मोठं रंगवून लिहिलं, तर नागुबाई म्हणाल्या, व्हय, रचनाला जरा इसावा पायजेच. आप्पांचे खांदे हलायला लागले. मग त्याही हसल्या. सांगून जेवढं कळलं असतं त्याहून त्यात काही कमी पडलं असं मला वाटत नाही.

तरी एक गोष्ट माझ्या जिवाला लागून राहिलीय. आप्पांनी काय लिहिलं ते त्यांच्याखेरीज जगात मला एकट्याला माहीत आहे, आणि मला खट्ट करण्यापलीकडे काही येत नाही. म्हणून तुम्हाला विनंती आहे. कधी कंग्राळीला आलात, तर नागुबाईंना बाजूला घेऊन सांगा की ते तुमचंच नाव घेत होते, रोज सुरुवातीला तेच घेतात. रचनासमोर मात्र सांगू नका, त्या लाजतील.

आज दुकानातून फोन आला. काच बसली, टॅब घेऊन जा म्हणाले. रचना आनंदानं पर्स घेऊन निघालीच होती. परसातून नागुबाईंनी तिला हाक मारली.

“असू दे गं तिथंच आणि दोन दिवस,” त्या म्हणाल्या. “आमचं बोलणं चाललंय.”