डागलेली कुबडी

मित्रांनो, कोंबड्यांच्या खुराड्याचं दार पडू नये म्हणून जी टेकून उभी आहे ना, ती मी. एक म्हातारी कुबडी. आज कोंबड्या माझ्या डोक्यावर बसून काय करतात ते सांगत नाही, पण एके काळी माझा दरारा होता!

जन्मानं मी वल्हं. आगरदांड्याच्या खाडीत एका मुशीनं, म्हणजे शार्क माशानं, मला चावा घेतला, तर तिचेच सगळे दात पडले. खोटं वाटतं? मुशीला विचारा. पुढं मी मोडले, आणि सुतारानं माझी कुबडी केली ती काळूरामसाठी.

काळूराम मिठागरावरचा गडी. भरतीचं पाणी कोणी आत घ्यायचं, यावरून बांधावर दोन गावांची जुंपली. कोयते निघाले, डोकी फुटली. त्या वर्षी मीठ म्हणे गुलाबी पिकलं! काळूरामच्या पोटरीत कोयता हाडापर्यंत रुतला. होडीत घालून त्याला दवाखान्यात नेलं.

घरी सोडायची वेळ आली तशी नर्स केसरबाईंनी त्याच्या बायकोला, गोदूला, बोलावलं. मला तिच्या मांडीवर आडवं घातलं. "ही नवऱ्याची पोटरी समज. बांध पट्टी."

गोदूनं अशी आवळली की मी लाकूड म्हणून गप्प राहिले.

"अगं, मोळी बांधतेस काय? खाली बोट सरकलं पाहिजे. सोड. पुन्हा!"

जमेस्तोवर बांधायला लावलं. फडकं उकळायचं, हात साबणानं धुवायचे, सगळं घोकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "जखमेवर शेण नाही, राख नाही, आणि डाग तर मुळीच नाही. चिघळली तर पाय कापावा लागेल."

घरी पोचतो तर काय, सासू मनुबाईनं चुलीत विळा लाल करून ठेवलेला! गावाची रीतच ती. जखमेला डाग दिल्याशिवाय माणूस बरा व्हायचा नाही.

"धरा रं त्याला!" शेजारच्या दोघा गड्यांनी काळूरामला खाटेवर दाबलं.

"आये, नको गो!"

"गप ऱ्हा! तुझे बापाला बी मीच डागून वाचवला."

गोदू मधे पडली. सासूनं झिंज्या धरून तिला ओढली, फाडफाड थोबाडीत दिल्या. ओठ फुटला. मग गोदूनं मला उचललं. एकाच्या नडगीवर, दुसऱ्याच्या बरगडीत! मुशीनंतर असे दणके मी दिलेच नव्हते. गडी पळाले, पण विळा खाली आलाच. गोदूनं झटकन मला पोटरीवर आडवं घातलं. चर्रर्र! धूर निघाला, माझ्या अंगात बोटभर खड्डा पडला.

गोदू रक्त थुंकून म्हणाली, "आत्याबाई, लाकडाचा ह्यो हाल. मग मासाचा काय झाला असता?"

मनुबाईनं खड्ड्यात बोट घातलं, तसा चटका बसला. विळा हातातून गळाला. पोराच्या पायाकडं बघत राहिली. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "पानी किती उकलायचा, सांग."

दुसऱ्या दिवशी गोदूनं मला सासूच्या मांडीवर ठेवलं. "बांधा. न्हाय आत्याबाई, मोळी न्हाय ती! सोडा. पुन्हा!"

काळूराम चालू लागला, आणि मी खुराड्याला लागले. चालायचंच.

पण मित्रांनो, दुखणाईत माणूस घरी आणण्याआधी त्याची उस्तवार शिकून घ्या. मांडीवर लाकूड घेऊन शिका, पण शिका. आणि मला चुलीत घालू नका हं. एकदा भाजलेय तेवढं पुरे.