कोरा सोडलेला गोल

शोभनाताईंनी नागपुरात वर्षानुवर्षं प्रवेशपरीक्षेचं रसायनशास्त्र शिकवलं. चुकलं की गुण कापतात, खात्री नसेल तर गोल कोरा सोडा, ही ताकीद प्रत्येक बॅचला दिली.

आता त्या मिनेसोटातल्या ईडन प्रेरीला मुलाकडे राहत होत्या. नागरिकत्व मिळालं होतं आणि मंगळवारी अमेरिकेतलं पहिलं मत द्यायचं होतं. रविवारी राज्याच्या निवडणूक वेबसाइटवरून नमुना मतपत्रिका छापून त्या पेन्सिलीने खुणा करत बसल्या. फोनच्या स्पीकरवर अर्विंगहून धाकटा भाऊ शैलेंद्र होता.

"ताई, कळत नाही ते ब्लँक सोड यार. काही फरक पडत नाही. मी टेक्सासमध्ये अर्धी पत्रिका ब्लँक सोडतो."

"शाळेतही अर्धाच पेपर लिहायचास."

पोहे परतणारी सून रेणू हसली.

ताई एका प्रश्नाशी अडल्या होत्या. लॉटरीच्या उत्पन्नातला वाटा तळी आणि जंगलांसाठी राखून ठेवणारी तरतूद राज्याच्या घटनेत दुरुस्ती करून पुढे चालू ठेवावी का? उन्हाळ्यात त्या रेणूबरोबर तळ्यात पांढरी तबकडी सोडून पाणी किती नितळ आहे ते मोजत आणि आकडे राज्याला कळवत. तळं जिवाभावाचं होतं, पण पैसा नीट खर्च होतो का, हे त्यांना माहीत नव्हतं.

"आवडतं म्हणून 'हो' म्हणणं बरोबर नाही," म्हणत त्या पुढच्या प्रश्नाकडे वळल्या.

"आई, तो कोरा ठेवू नका. कोरा म्हणजे 'नाही'."

"कोरा म्हणजे शून्य, रेणू. वजा कसा होईल?"

"व्हॉट्सॲपवर आलं असेल!" शैलेंद्र फोनमधून ओरडला.

"नाही मामा, पत्रिकेवरच छापलंय."

ताईंनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली. खरंच होतं. पण का, ते लिहिलेलं नव्हतं. सोमवारी ऑफिस उघडताच त्यांनी शहराच्या निवडणूक विभागाला फोन लावला. तिथल्या बाईंनी शांतपणे समजावलं: एरवी त्या-त्या जागेसाठी पडलेली मतंच मोजतात, पण मिनेसोटाची घटना बदलायला मतदानाला आलेल्या सगळ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांचा होकार लागतो.

"छेद बदलतो!" फोन ठेवताना ताईंचा चेहरा खुलला होता. "अंश तोच, छेद मोठा. आणि मी न कळता तळ्याच्या विरोधात मत देणार होते!"

म्हणजे आता अभ्यासाला पर्याय नव्हता. पैसा कुठे गेला याचे राज्याचे अहवाल त्यांनी वाचले. कुठल्याच पक्षाच्या नसलेल्या एका संस्थेने दोन्ही बाजू मांडल्या होत्या, त्याही वाचल्या. पैसा असा बांधून ठेवला तर विधिमंडळाचे हात बांधले जातात, हा आक्षेप त्यांना वजनदार वाटला. त्यावर रेणूशी जेवताना वाद झाला आणि भात गार झाला.

पण खर्चाचा हिशोब त्यांना पटला होता. मंगळवारी त्यांनी 'हो'चा गोल कडेपर्यंत, रेघेबाहेर न जाता भरला.

"मग, पेपर कसा गेला?" संध्याकाळी शैलेंद्रने विचारलं.

"इथे न्यायाधीशही निवडणुकीला उभे असतात; बिनविरोध होते ते ऑप्शनला टाकले. तळ्याचा प्रश्न सोडवला."

"पण ब्लँक सोड म्हणालो, त्यात माझं चुकलं काय?"

"तुझ्या राज्यात काही नाही. सल्ला देताना राज्याचं नाव आधी सांगत जा. आणि पुढच्या वेळी तुझी नमुना पत्रिका मला पाठव."

"आता होमवर्क देणार?"

"छे! तोंडी परीक्षा घेणार."