नऊ माणसांचं वजन

तिरुपूरच्या बनियन कारखानदारांच्या संघात पूंकोडी आकडेवारीच्या कामाला लागली, त्याला सात वर्षं झाली होती. काम सरळ होतं. दर तीन महिन्यांनी सभासदांना एका पानाची प्रश्नावली पाठवायची, धंदा वाढला की घटला, माणसं मिळतात का, सूत मिळतं का असं विचारायचं, उत्तरं मोजायची आणि निकाल सरकारी कचेरीत धाडायचा. पहिली चार-पाच वर्षं तो निकाल तिथं कोणी वाचत असेल असं तिला कधी वाटलं नाही. मग कोणीतरी वाचला आणि बोंब झाली.

पाहणी म्हणत होती, धंदा बुडाला. आणि गावात त्याच महिन्यात सुताच्या गाड्यांना रस्ता पुरत नव्हता, निर्यातवाल्यांच्या गेटावर शिलाई कामगार हवेत म्हणून पाट्या लागल्या होत्या. संघाचे मोठे निर्यातदार अठ्ठावन्न आणि छोटे शेडवाले सहाशे चाळीस. कारखान्यामागे एक उत्तर. तेव्हा गावाची नाडी म्हणून जी मोजली जात होती ती खरं तर फक्त शेडवाल्यांची नाडी होती. सेल्वगणपती नावाचे निर्यातदार सभेत उठून म्हणाले, "माझ्याकडे दोन हजार माणसं. ज्याच्याकडे चार मशीनं त्याचं एक उत्तर आणि माझंही एकच? पाहणी करताय की पंगत वाढताय?"

लोक हसले. पण माणूस बरोबर बोलत होता, आणि पूंकोडीला बरोबर बोलणाऱ्याचा राग येत नसे, मग तो कितीही माजोरी असो. तिने दोन महिने खपून नवी पद्धत बसवली. ज्याच्याकडे जितके कामगार तितकं त्याच्या उत्तराला वजन. मागची तीन वर्षं तिने या पद्धतीने पुन्हा मोजून पाहिली, तर निकाल सुताच्या खपाबरोबर पावलाला पाऊल लावून चालू लागला. शंभरात दोनाचासुद्धा फरक नाही. संघाने तिला शाल पांघरली. तिसऱ्या रांगेत तिचा थोरला भाऊ चेन्नियप्पन सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवत होता आणि सगळ्यांच्या नंतर थांबला. बापामागे त्यानेच तिला कोइम्बतूरला ठेवून शिकवलं होतं. स्वतः सहावीत शाळा सोडून बनियन शिवायला बसला होता.

त्याची शेड करुप्परायनच्या कोविलच्या, म्हणजे देवळाच्या, गल्लीत. संघाचे बहुतेक शेडवाले त्याच गल्लीत आणि तिच्या बोळाबोळांत. गल्लीतल्या सगळ्या शेडवाल्यांचा जीव एका गोष्टीवर होता, ती म्हणजे सूत डेपो. सुताचे व्यापारी ट्रकभर मालाखाली बोलायलाच तयार नसतात. डेपोत मात्र एक पोतं मागा, एक पोतं मिळतं. डेपो संघ आणि सरकार मिळून चालवत आणि त्याला एक अट होती. सूत मिळत नाही अशी तक्रार पाहणीत लागोपाठ दोन वेळा शंभरात तिसाच्या खाली आली, तर डेपोची गरज संपली असं धरायचं आणि तो बंद करायचा. जुन्या मोजणीत ही तक्रार नव्वदीला असे, त्यामुळे ही अट आहे हेसुद्धा सगळे विसरले होते.

वजनं लावल्यावर आकडा आला अठरा.

पूंकोडीला वाटलं, बेरीज चुकली. तिने तीनदा केली. मग तिने सभासदांची वही उघडली, जिच्यातून तिने प्रत्येकाचे कामगार घेतले होते, आणि करुप्परायन गल्लीची पानं बोट लावून वाचली. नऊ. नऊ. आठ. नऊ. नऊ. नऊ. चेन्नियप्पनसमोर नऊ. त्याच्या शेडमध्ये चौतीस माणसं होती. वहिनी सकाळी चौतीस पेले चहा ओतते, हे तिने शंभरदा पाहिलं होतं.

दहावा माणूस आला की कामगार खातं येतं. विमा, हजेरीपट, तपासणी, विसाव्याला भविष्यनिधी. म्हणून या गल्लीत दहावा माणूस कागदावर जन्मालाच येत नाही. आजोबांच्या काळापासूनची रीत, तिला कोणी खोटेपणा म्हणत नाही. उलट निर्यातवाल्यांचे आकडे शेवटच्या झाडूवाल्यापर्यंत खरे, कारण परदेशातली गिऱ्हाइकं माणसं पाठवून डोकी मोजतात, संडाससुद्धा मोजतात. पूंकोडी त्याच गल्लीत वाढलेली. तरीही वही घेताना तिच्या मनात शंका आली नाही. कचेरीतल्या खुर्चीत बसल्यावर तिला ती वही म्हणजे फक्त वही दिसली. याची तिला फार लाज वाटली.

ती संघाचे चिटणीस लोगनादन यांच्याकडे गेली. ते वाईट गृहस्थ नव्हते. फक्त निवृत्तीला दीड वर्ष उरलेला माणूस जितका भित्रा असतो तितके भित्रे होते.

"सर, गल्लीतले आकडे तिपटीने कमी आहेत. खरे धरले तर तक्रार चाळीसवर जाते."

"कशावरून कमी?"

"मी पाहते ना."

"तुम्ही पाहता. वहीत त्यांनी स्वतः सही करून दिलंय. सरकारला काय कळवू, आमच्या बाईंनी खिडकीतून मोजले?"

"मग विजेच्या जोडणीवरून वजन धरू. वीज खोटी नसते."

लोगनादन पहिल्यांदाच हसले. "अम्मा, त्या गल्लीत एका शेडला तीन जोडण्या. एक स्वतःच्या नावाची, एक बायकोच्या, एक वारलेल्या आईच्या. कुठली कोणाच्या शेडची धराल? तुम्हाला मी सांगायला हवं होय?"

नको होतं. अण्णाच्या, चेन्नियप्पनच्या, शेडची तिसरी जोडणी आईच्याच नावाची होती.

रविवारी ती भावाकडे गेली. वहिनीने केळीच्या पानावर डाळभात वाढला, वर तूप सोडलं. पूंकोडीने पहिला घास घेण्याआधीच विषय काढला.

"म्हणजे तुझ्या तराजूत आम्ही सगळी गल्ली मिळून अठरा?" चेन्नियप्पन म्हणाला. "छान. शाल चांगली होती, घरात वापरतेस ना?"

"तराजू खरा आहे अण्णा. त्यात तुम्ही टाकलेलं माप खोटं आहे."

"त्या खोट्या मापावर शिकलीस तू. चौतीस लिहिले असते तर कोइम्बतूरची फी कुठून आली असती?"

त्याचंही खरं होतं, आणि त्यामुळेच ते लागलं.

"एक रस्ता आहे," ती म्हणाली. "पुढच्या वेळी प्रश्नावलीवरच खरे कामगार लिहा. वहीत नाही. ते पान माझ्या कपाटात राहतं, दुसरं कोणी पाहत नाही. पण तू एकट्याने लिहून भागणार नाही. गल्लीने लिहायला हवं."

"आणि फुटलं तर?"

"माझ्याकडून नाही फुटणार."

चेन्नियप्पनने पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला. मग म्हणाला, "जेव आता. भात गार होतोय."

पुढचे दोन महिने तो शेडमागून शेड फिरला. लोकांनी त्याला वेड्यात काढलं. रुक्मणी अक्का, नवरा गेल्यावर एकटीने शेड चालवणारी, तिने तर तोंडावर सांगितलं, "तुझी बहीण त्यांच्या पंख्याखाली बसते बाबा. आम्ही का म्हणून आपला गळा तिच्या हातात द्यायचा?" तो म्हणाला, "माझ्या हातात दे. मी जामीन." त्याच्या शब्दाला गल्लीत किंमत होती. कोणाच्या मशीनची सुई तुटली तरी तो स्वतःची काढून देई. हळूहळू माणसं वळली.

पानं परत आली तेव्हा पूंकोडी एकेक उघडत गेली. एकवीस. अठ्ठावीस. चौतीस. सव्वीस. रुक्मणी अक्काचे एकोणीस, आणि खाली बारीक अक्षरात, 'फक्त तुझ्या भावाखातर.' चारशे दहा शेडवाल्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी खरं सांगितलं होतं. तिने बेरीज केली. तक्रार शंभरात तेहतीस. डेपो वाचत होता. तिला कचेरीतच रडू आलं आणि ते कोणी पाहू नये म्हणून ती जिन्यात जाऊन उभी राहिली.

लोगनादननी निकाल वाचला आणि चष्मा काढला.

"हे वजन कुठलं धरलंत?"

"प्रश्नावलीतलं."

"नियम काय आहे?"

नियम तिचाच होता. नव्या पद्धतीच्या टिपणात पहिल्याच पानावर तिनेच लिहिलेला, तिच्याच सहीचा. वजन वहीतलंच धरावं. प्रश्नावलीत वेगळा आकडा आला तर आधी वही दुरुस्त करावी, मगच तो मोजावा. निर्यातवाले ऐन वेळी आकडा फुगवून स्वतःचं वजन वाढवतील या भीतीने तिने तो घातला होता. फुगवणारे आले नव्हते. आले ते आजवर लपवलेले आकडे, आणि नेमके तिच्याच दारात अडकले.

"एकदा सूट द्या सर."

"सेल्वगणपती दुसऱ्या दिवशी पाच हजार लिहून आणतील. त्यांना कोणत्या तोंडाने नाही म्हणू? वहीत घाला अम्मा, मी आनंदाने मोजतो."

वही दर जूनमध्ये कामगार खात्याकडे जाते. सरकारी मदतीचीच ती अट. आणि जूनला तीन आठवडे होते.

त्याच संध्याकाळी ती शेडवर गेली. मशीनं चालू होती, म्हणून ती दोघं मागच्या अंगणात कापडाच्या कातरणांच्या ढिगाशेजारी उभी राहिली. तिने सगळं सांगितलं, आपल्या नियमासकट.

"आता तूच सांग," ती म्हणाली. "वहीत घातले तर डेपो वाचतो, पण चारशे दहा घरांवर नोटिसा येतात. नाही घातले तर नऊच मोजायचे, आणि डेपो जातो. तू जामीन आहेस. तू म्हणशील तसं करते. आणि वहीत घालायचे तर मी आधी घरोघर जाऊन प्रत्येकाला विचारीन."

"हे तुला आधी कळत नव्हतं?"

"सूट मिळेल असं वाटलं. चुकलं माझं."

चेन्नियप्पनने चेहऱ्यावरून हात फिरवला. आत कोणीतरी गाणं लावलं होतं, कोणीतरी त्याला शिव्या घालत होतं. चौतीस माणसांचा आवाज होता तो.

"नऊच राहू देत," तो म्हणाला. "घरोघर जाऊ नकोस. डेपो गेला तर चार जण मरतील. नोटिसा आल्या तर सगळे."

"आणि गल्लीला काय सांगायचं?"

"ते मी बघतो."

सभेला कोइम्बतूरहून अधिकारी आले होते. पुढच्या खुर्च्यांवर निर्यातवाले, मागे भिंतीला टेकून गल्ली. लोगनादननी निकाल वाचला. सुताची तक्रार शंभरात अठरा, लागोपाठ दुसऱ्यांदा. डेपो महिनाअखेर बंद. मागे एकदम कल्ला झाला. त्या कल्ल्यातून रुक्मणी अक्काचा आवाज वर आला.

"चेन्नियप्पा! तू जामीन होतास! आम्ही लिहिलं त्याचं काय झालं?"

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. पूंकोडी व्यासपीठाच्या कडेला कागद घेऊन बसली होती. तिने भावाकडे पाहिलं. आता तो सांगेल, असं तिला वाटलं. सगळं नको, निदान एवढं तरी, की आम्ही दोघांनी मिळून ठरवलं.

चेन्नियप्पन उभा राहिला. धोतराचा सोगा सारखा केला. "मी माझा शब्द पाळला," तो म्हणाला. "आपण सगळ्यांनी लिहिलं ते पोचवलं. पुढं काय केलं ते माझ्या बहिणीला विचारा. पद्धत तिची आहे."

अधिकारी तिच्याकडे वळले. "काय म्हणताहेत हे? काय लिहिलं होतं? आकड्यांत काही गडबड आहे का?"

तिच्या पायाशी पिशवी होती आणि पिशवीत चारशे दहा पानं, कपाटात मागे ठेवायचा तिला धीर झाला नव्हता. एक जरी काढून दाखवलं असतं तरी तिच्यावरचा आळ तिथल्या तिथे गेला असता, आणि पान दाखवणं म्हणजे त्या माणसाला अधिकाऱ्यांच्या हाती देणं. मागे लोक ओरडत होते, बोल, बोल. त्यांना कळत नव्हतं की ते काय मागताहेत. एकट्या चेन्नियप्पनला कळत होतं, आणि तो जमिनीकडे बघत होता. ती बोलणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्या भरवशावरच तो उठला होता.

"नाही सर," पूंकोडी म्हणाली. "आकडे बरोबर आहेत."

रुक्मणी अक्का दारापाशी जाऊन थांबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "शाल घ्यायला येतात, गळा कापून जातात." कोणी तिला गप्प केलं नाही.

सभा पांगल्यावर चेन्नियप्पन जिन्यात तिची वाट बघत थांबला होता. त्याचे डोळे लाल झाले होते, ते खोटे नव्हते.

"रागावू नकोस कण्णू. मला त्या गल्लीत राहायचंय. पोरं आहेत, धंदा आहे. तुझं काय, तुला नोकरी आहे."

"मीही तिथलीच होते अण्णा."

तो म्हणाला, "वहिनीने जेवायला थांबायला सांगितलंय. आज तुझ्या आवडीचं केलंय."

पूंकोडीने पिशवी खांद्यावर घेतली. घरी गेल्यावर तिने ती पानं एकेक करून चुलीत घातली, सगळी जळेपर्यंत बसून राहिली, आणि भावाचा फोन वाजत होता तो उचलला नाही.