गाळलेला 'ल'

मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. माझी पाठ मोडली आहे, पण ती वयामुळे नाही. मित्रांनो, त्याचा राग अजून माझ्या पानापानांत आहे.

माझा जन्म मुंबईच्या छापखान्यातला. १९२४ साली दत्तात्रेय मास्तरांनी मला बोटीने मांडव्याच्या शाळेत आणलं. माझ्यात शब्दांचे नुसते अर्थ नव्हते, त्यांची कुळंही होती. मास्तर हात धुऊन मला उघडत. मुलं वाकून पाहत, तेव्हा मला फार अभिमान वाटे.

पुढे १९३१च्या कार्तिकात अवचित वादळ झालं. एका व्यापाऱ्याचं गलबत फुटलं. हरेश्वर कोळ्याने होडी घालून तीन खलाशी वाचवले, कापडाचे गठ्ठेही किनाऱ्याला ओढून आणले. व्यापाऱ्याने त्याच्यावरच चोरीचा आळ घेतला! हरेश्वर कोठडीत गेला.

त्याची बायको केसर रडत मास्तरांकडे आली. मास्तरांनी माझ्यात शोधून इंग्रजीत अर्ज लिहिला. हरेश्वर चोर नव्हे, 'सॅल्व्हेज मॅन' आहे, म्हणजे बुडता माल वाचवणारा. कचेरीतल्या हेडक्लार्कने नक्कल करताना 'ल' गाळला. झालं 'सॅव्हेज मॅन'. रानटी माणूस!

खलाशांनी साक्ष दिली आणि खटला ऐकणाऱ्या साहेबाने हरेश्वरला सोडलं. पण कचेरीत नक्कल वाचून मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी केसरला अर्थ सांगितला. ती तिथेच जमिनीवर बसली.

"माज्या घोवाला रानटी लिवलंय. ते खोडा."

हेडक्लार्क हसला. "सुटला ना? एका अक्षराने काय होतंय? दोन्ही शब्द सारखेच."

"सारखे?" मास्तरांनी मला त्याच्यापुढे उघडलं. "एक लॅटिनमधल्या 'वाचवणे' या शब्दातून आला, दुसरा 'अरण्या'तून. दोघांचं कूळ एक नाही!"

हेडक्लार्कने मला टेबलावरून भिरकावलं. माझी पाठ फाटली. केसरने मला उचलून पदराने पुसलं.

"त्यानं मानसं काढली पान्यातनं. तुमी काय काढलंत? लिवा, न्हायतर मी हलायची न्हाय."

साहेबाने गलका ऐकला, कागद मागवला आणि हेडक्लार्ककडे नुसतं पाहिलं. त्याने मुकाट्याने 'ल' लिहिला. माफी मात्र कुणीच मागितली नाही.

मास्तर बदली होऊन गेले, त्याला वर्षं लोटली. मी शाळेच्या कपाटात पडून आहे, वाळवी माझी पानं खाते आहे. मित्रांनो, मला जपा. पण त्याहून आधी एक करा. माणसाच्या नावापुढे शब्द लिहिताना तो नीट पाहून लिहा. चुकलात तर स्वतःहून दुरुस्त करा. त्यासाठी कुणाला तुमच्या दारात जमिनीवर बसायला लावू नका.