शिलाई मशीनला शेंगदाण्याचं तेल

पहिल्यांदा टाकलं ते खरंच चुकून. मशीनचं तेल संपलेलं, दिवाळीचे परकर-पोलके शिवायचे पडलेले, म्हणून घाण्यावरचं शेंगदाण्याचं तेल घातलं. तेल ते तेल, असं मला वाटलं. थोड्याच दिवसांत मशीन असं जाम झालं की चाक हलेना.

माझा लीलाधर धुळ्याला हायवेवर गॅरेज चालवतो. आमच्या पारोळ्याहून काही लांब नाही, पण त्याला वेळ कुठे? एसटीच्या कंडक्टरजवळ निरोप धाडला, तर दुसऱ्याच दिवशी पोरगा दारात. रॉकेलने एकेक भाग धुतला आणि मला चांगलं झापलं. "माय, खावानं तेल सुकीसन डिंक व्हई जास. मशीनले पातळ तेल लागस, बिजागरीले ग्रीस. गाडीना इंजिनले आखो येगळं." मग कळण्याची भाकरी आणि शेवेची भाजी खाऊन ओट्यावर झोपला. त्याचे वडील गेल्यापासून या घरात कोणी घोरलं नव्हतं.

मग काय, मी काही येडी नाही. पोळ्याच्या सुमाराला परत तेच तेल घातलं. नंतर टेबलफॅनला घातलं. शेजारची प्रमिलाबाई म्हणाली, "अक्का, तुमच्या घरातलं सगळं लीलाधरची वाट पाहूनच बिघडतं हो." मी म्हटलं, तू तुझ्या भाकरी भाज.

यंदा संक्रांतीनंतर आला तेव्हा त्याने मशीन उघडलं, आत बोट फिरवलं आणि वास घेतला. शेंगदाण्याचा वास लपतो होय? तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. मला शेजारी बसवून कुठे किती थेंब सोडायचे ते माझ्याच हाताने करून घेतलं. मशीनच्या तेलाचा मोठा डबा आणि ग्रीस फळीवर ठेवलं. फॅन, दारं, खिडक्या, सगळ्याला हात फिरवला. "आते तुले कोनाकडे पाहानी गरज नही," असं हसून म्हणाला आणि नुसता चहा घेऊन गेला. तिकडे कोणाची तरी मोटार उघडी पडली होती.

मशीन आता काय चालतं म्हणता! बाया विचारतात, मोटर बसवली का. उन्हाळा सरला, कशालाच काही झालं नाही. एकदा शेंगदाण्याच्या तेलाची बाटली हातात घेतली होती, पण त्याने किती खपून साफ केलंय ते आठवलं आणि घालवेना. काही बिघडलेलं नसताना पोराला ये म्हणायचं तर जीभ रेटत नाही.

काल मात्र नुसतं 'जेवायला ये' म्हणायचं असं घोकत बाजारातल्या एसटीडीवर गेले. फोन त्यानेच उचलला.

"माय? काय बिघडनं?"

"काही नही रे. बठ्ठं नीट शे."

"मंग झकास," तो म्हणाला. "ठेवस मी, गिऱ्हाईक उभं शे."