रंगूनं सांगितलं त्यानंतर

१९७४ च्या उन्हाळ्यात नऊ वर्षांची रंगू गिरणीवरून पीठ न घेताच घरी आली. आई विजयमालानं विचारलं, तर पोर बोलेना. विजयमालानं दोन धपाटे घालून तिला परत धाडलं. इस्लामपूरजवळच्या त्या गावात गिरणी एकच, रंगूच्या चुलत्याची, नानासोची.

पुढच्या आठवड्यात दळणाचा डबा हातात देताच रंगूला उभ्या उभ्या लघवी झाली. विजयमालानं तिला पोटाशी धरलं आणि पुन्हा विचारलं. नानाकाका आतल्या खोलीत नेतो, नको तिथं हात लावतो, एवढं रंगूनं सांगितलं.

"मला का न्हाई सांगितलंस?"

"तू मारशील म्हनून."

विजयमालानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती म्हणाली, "मी मारलं ते माझं चुकलं. तुजं काय बी चुकलं न्हाई."

सासू बनुबाईनं गप्प राहायला सांगितलं. रंगूचा बाप मानसिंग तिकडं पलटणीत, आणि पोरीचं लग्न व्हायचं होतं. विजयमाला तशीच गिरणीवर गेली आणि नंबर लावून बसलेल्या बायकांसमोर सगळं बोलली. पोर खोटं बोलते, असं म्हणून नानासो हसला. बायका खाली बघत राहिल्या. त्यांच्यातली शेजारीण मेहरुनबी तेवढी दळण तिथंच टाकून आपल्या लेकीला घेऊन निघाली.

भावकीनं विजयमालाशी बोलणं टाकलं. महिन्याभरानं मेहरुनबी लेकीला घेऊन आली. असलं काही पोरीशी बोलायला तिला जमत नव्हतं, ते विजयमालानं सांगावं म्हणून. मग आणखी चार पोरी आल्या. विजयमाला त्यांना सांगायची, अंग तुमचं आहे. नको वाटलं तर ओरडायचं, पळायचं. घरातला माणूस असला तरी सांगायचं, आणि कुणी ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगायचं. रंगू दाराआड बसून ऐकायची.

दिवाळीला मानसिंग रजेवर आला. त्यानं उचलून घ्यायला हात पुढं केले, तशी रंगू मागं सरली.

"तिला नको असंल तर लांबनंच बोला," विजयमाला म्हणाली. मग रंगूला मेहरुनबीकडं पाठवून तिनं त्याला सगळं सांगितलं.

मानसिंग कोयता घेऊन उठला. ती दारात उभी राहिली. "तुमी जेलात गेलासा तर पोरीला वाटंल, आपन सांगितलं म्हनून बाप गेला. पुन्हा ती कवाच काय सांगनार न्हाई."

तो खाली बसला आणि रडला.

रजा संपल्यावर तो दोघींना बरोबर घेऊन गेला. बनुबाई निरोप द्यायला बाहेर आली नाही. नानासोची गिरणी चालूच राहिली. फक्त तेव्हापासून दळण घेऊन बायका स्वतः जाऊ लागल्या, पोरींना कुणी पाठवेना.