दात माझे, तोंड माझं

ठकुबाईच्या हिरड्यांतून रक्त यायला लागून वर्ष उलटलं होतं. आधी चूळ भरताना गुलाबी पाणी पडायचं, मग भाकरीच्या तुकड्यावर लाल डाग दिसायला लागले. खालचे पुढचे दोन दात तर जिभेनं ढकलले तरी हलत. आंबवड्यात कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. पन्नाशी ओलांडली की दात जायचेच, असं सगळे धरून चालले होते.

बाजारच्या दिवशी नवरा ज्ञानू तिला भोरला कवळ्या करणाऱ्याकडं घेऊन गेला. त्या माणसानं तोंडात बॅटरी मारली न मारली तोच सांगितलं, "सगळेच काढून टाकू. एकदाच काय तो त्रास."

"सगळे? दाढा तर हलत न्हाईत माज्या."

"आज ना उद्या हलतीलच की."

"मंग उद्याचं उद्या बगू," ठकुबाई म्हणाली आणि खुर्चीतनं उठली.

रस्त्यावर आल्यावर ज्ञानू करवादला, "चारचौघांत शोभा केलीस. दातासाठी कुनी एवढा हट्ट धरतं व्हय?"

"दात तुमचं न्हाईत, माजं हायत." एवढं बोलून ती एसटी स्टँडासमोरच्या दातांच्या दवाखान्याचा जिना चढली. ज्ञानू खालीच उभा राहिला.

डॉक्टर शुभ्रा तरुण होत्या. त्यांनी एक बारीक सळई दात आणि हिरडीच्या फटीत हलकेच घालून पाहिली, एक्स-रे काढला आणि आरसा तिच्या हातात दिला. "मावशी, दात किडलेले नाहीत. कीटण चढलंय, पार हिरडीच्या आतपर्यंत. त्यानं हिरडी दातापासून सुटलीय आणि खालचं हाड झिजतंय. मिश्री लावता?"

"ल्हानपनापास्नं."

"त्यात तंबाखू असते. तिनं हा आजार आणखी वाढतो."

बांधाची माती वाहून गेली की झाडाच्या मुळ्या उघड्या पडतात, तसं हे, ठकुबाईच्या मनात आलं. तिनं विचारलं, "झिजलंय ते पुन्ना भरंल का?"

"बहुतेक नाही. उरलंय ते वाचवता येईल. पण माझ्या एकटीनं नाही व्हायचं. मिश्री सोडावी लागेल, दोन वेळा ब्रश करावा लागेल."

बाई खोटा धीर देत नव्हती, हे ठकुबाईला आवडलं.

पुढं ती एकटीच एसटीनं भोरला येत राहिली. डॉक्टरांनी हिरड्या बधीर करून आतलं कीटण खरवडून काढलं. हलणाऱ्या दोन दातांपैकी एक काढावाच लागला, दुसरा तगला. त्यापेक्षा अवघड होतं मिश्री सोडणं. डोकं ठणकायचं, पोट साफ व्हायचं नाही, ती घरात सगळ्यांवर खेकसायची. त्यात जाऊ फुलाबाई दुपारी ओट्यावर येऊन मिश्रीची डबी पुढं करायची.

"घे की चिमूटभर. आपल्या सासूनं नव्वदीपतुर लावली."

"आन् नव्वदीपतुर भाकर दुधात कालवून गिळली. मला चावून खायाची हाय."

एकदा तिनं चिमूट बोटावर घेतलीही. बोट दातांपर्यंत गेलं. मग मोरीवर जाऊन तिनं हात खसखसून धुतला.

हळूहळू हिरड्या आवळल्या, रक्त थांबलं. आता दर तीन महिन्यांनी तपासायला या, असं डॉक्टरांनी सांगितलं.

फुलाबाईच्या लेकीचा, नूतनचा साखरपुडा ठरला. आदल्या दिवशी फुलाबाई म्हणाली, "म्होरं ह्ये खिंडार पडलंय. पाव्हन्यांत बसशील तवा पदर धर तोंडावर. न्हाईतर आत सैपाकाचं बघ."

"पोरीची चुलती हाय मी. पदर न्हाई धरायची आन् चुलीपाशीबी न्हाई बसायची."

दुसऱ्या दिवशी ठकुबाई मांडवात पुढच्याच रांगेत बसली. पंगतीत तिनं मटकीची उसळ आणि पापड सगळ्यांसोबत चावून खाल्ला. नंतर घरच्यांचा फोटो काढताना फोटोवाला म्हणाला, "मावशी, तोंड मिटून हसा जरा."

"तू फोटो काढ," ठकुबाई म्हणाली आणि तोंडभर हसली.